माधुरीच्या वाट्याची पाकिटं

"हॅलो माधुरी! तर आज आपण बॉक्स उघडतोय!"

दिशा मोबाईलकडे बघून हसली आणि मधेच थांबली. 'आपण' म्हणाली खरी, पण आत्याच्या गच्चीवर ती एकटीच होती! मोबाईल पाण्याच्या टाकीला टेकवून उभा केलेला, समोर सतरंजी आणि सतरंजीवर तो निळा बॉक्स. तिने रेकॉर्डिंग पुसलं आणि पुन्हा सुरू केलं.

"हॅलो माधुरी! मी बॉक्स उघडतेय."

हे खरं होतं. पण ऐकायला अगदीच सुनं वाटत होतं.

केडगावच्या शाळेत दिशा आणि माधुरी ही खो-खोची ठरलेली जोडी. पाठलागाला एक उठली की दुसरीला कुठे बसायचं ते सांगावं लागत नसे. स्पर्धा जिंकली तेव्हा खेळाच्या बाईंनी दोघींना मिळून एक बक्षीस कबूल केलं होतं : खेळाडू महिलांच्या कार्डांचा बॉक्स. बॉक्स आला, पण तोवर माधुरीच्या आईची बदली होऊन ती जालन्याला गेली होती. आत चंदेरी कागदाची दहा पाकिटं होती. पाच हिची, पाच तिची.

दिशाने पहिलं पाकीट कडेने हळूच फाडलं.

"ही बघ, भालाफेकवाली! ही वजन उचलणारी, अंगठ्याला पट्टी बांधलीय बघ. ही मल्लखांबवाली, ही सायकलवाली... आणि अगं, खो-खो! खो-खो आहे यात!"

कार्डावरच्या मुलीने खांबाकडे सूर मारला होता आणि तिची वेणी हवेत सरळ उडाली होती. खांबाआडून निसटणाऱ्या मुलीची मात्र फक्त बोटं दिसत होती. बाकी सगळी ती कापली गेली होती. दिशाने पाचही पाकिटं उघडली आणि कार्डं ओळीने मांडली. प्रत्येक कार्डावर एकच बाई. कुणाचाच संघ दिसत नव्हता.

"आता माझ्या बातम्या," ती मोबाईलला म्हणाली. "आईला सुप्याला कंपनीत काम लागलंय. बाबा ट्रक घेऊन गुजरातला गेलेत. म्हणून मी सुट्टीभर इथे आत्याकडे, नेवाशाजवळ. सगळं मस्त चाललंय! तुझ्या पाकिटांना मी हातसुद्धा लावणार नाही. रविवारी तुमची बस नेवासा फाट्यावर थांबेल ना, तेव्हा खिडकीतून देते."

केडगावला मावशीचं लग्न उरकून माधुरी त्याच बसने जालन्याला परतणार होती. बस जेवढा वेळ थांबेल, तेवढीच भेट.

दिशाने व्हिडिओ पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं : एक अंगठा. हल्ली माधुरीकडून अंगठाच यायचा. आधी ती पानभर लिहायची, मग एक ओळ, आणि आता हे! दिशाला वाटलं, पाकिटं हातात पडली की तरी माधुरी काहीतरी बोलेल. त्यापलीकडे तिच्याजवळ माधुरीला द्यायला काही नव्हतंच.

आणि शनिवारी दुपारी तिने फळीवरचा बॉक्स काढला, तर तो रिकामा!

"सम्राट!" दिशा ओरडली.

आत्याचा मुलगा सम्राट दिशाहून एक वर्षाने लहान. तो आंबा चोखत आला. मागोमाग शेजारची मोनिकाही आली. ती कुठेही आरडाओरडा झाला की सगळ्यांच्या आधी पोचायची.

"माधुरीची पाकिटं कुठायत?"

"मला काय माहीत? मी कशाला घेऊ बायकांची कार्डं!" सम्राट म्हणाला.

"व्हय का!" मोनिकाने कमरेवर हात ठेवले. "आणि परवा ती कुस्तीवाली उशाखाली घेऊन कोण झोपलं हुतं?"

"ती बघायला घेतलेली! दिशाला विचारून!"

"विचारून घेतली होती," दिशाने कबूल केलं. "पण ती माझ्यातली होती. हरवलीत ती माधुरीची!"

तिघं अंगणात धावली. आत्या खाटेवरच्या धोतरावर कुरडया घालत होती. सोऱ्या दाबून दाबून तिचा चेहरा लाल झाला होता.

"आत्या, बॉक्समधली पाकिटं तू पाहिलीस का गं?"

"न्हाई गं बाई, मला काही ठाऊक न्हाई! चीक वाळतोय, सरका तिकडं! सावली पडती!"

प्रश्न पुरता ऐकायच्या आधीच उत्तर आलं होतं! सहादेवमामा, म्हणजे आत्याचे यजमान, कांदा घेऊन घोडेगावच्या बाजारात गेलेले. दिशाने त्यांना फोन लावला, तर तो घरातच, फळीखाली चार्जिंगला लावलेला वाजला!

त्यांनी खाटांखाली पाहिलं, कणगीमागे पाहिलं, उकिरडाही काठीने उपसला. खिडकीत दिशाची स्वतःची फाडलेली रिकामी पाकिटं जिथल्या तिथे होती.

"चोरालाबी कळतं, भरलेली कुठली न् रिकामी कुठली," मोनिका म्हणाली.

दिशा उठून गोठ्यामागच्या दगडावर जाऊन बसली. उद्या बस येईल, माधुरी खिडकीतून हात बाहेर काढेल आणि त्या हातावर ठेवायला काही नसेल. माधुरी रागावणार नाही. एक अंगठा पाठवेल. ते जास्त वाईट!

ऊन कलतीला लागलं होतं. गोठ्याची भिंत पूर्वेकडे तोंड करून उभी, त्यामुळे ती आता पूर्ण सावलीत होती. आणि त्या सावलीत उजेडाचे कवडसे नाचत होते! दिशा बघत राहिली. बाजरीची कणसं भरली की पाखरं येतात, म्हणून मामांनी रानात दोरी ताणून जुन्या चमकीच्या पट्ट्या बांधल्या होत्या. त्या वाऱ्यावर फडफडल्या की त्यांचा उजेड भिंतीवर पाण्यासारखा विस्कटायचा. हे ती रोज पाहत होती.

पण आज काही कवडसे वेगळे होते. ते विस्कटत नव्हते. अख्खेच्या अख्खे सरकत होते, कुणी आरसा धरून हलवावा तसे!

"सम्राट! मोनिका! इकडे या! हे कवडसे बघा. नीट बघा हं!"

"बघतोय की. रोजच असत्यात," सम्राट म्हणाला.

दिशा पळत जाऊन खिडकीतलं एक रिकामं पाकीट आणि स्वतःचं एक कार्ड घेऊन आली. गोठ्याच्या सावलीबाहेर जाऊन तिने रिकामं पाकीट उन्हात धरलं. भिंतीवर उजेडाचे तुकडे तुकडे पडले. मग तिने कार्ड आत सरकवलं. पाकीट ताठ झालं आणि भिंतीवर एकच ठसठशीत कवडसा उमटला!

"आत कार्ड असलं की कागद सुरकुतत नाही," ती धापा टाकत म्हणाली. "सुरकुतला नाही, की उजेड फुटत नाही! आणि ऊन मावळतीकडून येतंय, परत भिंतीवर पडतंय, म्हणजे ती वस्तू आहे..."

"आपल्या बाजरीत!" दोघं एकदम ओरडली.

बाजरीत शिरल्यावर कणसं गालांना घासत होती. दोरीवर जुन्या पट्ट्यांच्या मधोमध तीन चंदेरी पाकिटं लटकत होती! दाभणाने कोपऱ्यात भोक पाडून सुतळी ओवलेली. फाडलेलं मात्र एकही नव्हतं.

"आमच्या बापाचं काम हाय हे," सम्राटने कपाळावर हात मारला. "गाठ बघूनच वळकलं!"

"तीनच आहेत. अजून दोन?"

मोनिका बांधावर चढली. चारीच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या पाटाच्या, पलीकडे तिने बोट दाखवलं. "त्या बघ! रंभाजीबाबांच्या रानात!"

चारी कोरडीच होती. तिघं उतरून पलीकडे गेली. रंभाजीबाबा बांधावर गोफण मांडीवर घेऊन बसले होते.

"बाबा, ती दोन पाकिटं आमची आहेत. चुकून आलीत," दिशा म्हणाली.

"चुकून कशी? सहादेवनं सोता बांधून दिलीत. सकाळधरनं एक चिमनी बसली न्हाई! न्हाई द्यायचो."

"पण ती माझ्या मैत्रिणीला द्यायचीयत हो! उद्याच!"

"तुझी मैत्रीन माझी बाजरी खाती का? पाखरं खात्यात!" बाबांनी तोंड फिरवलं.

मोनिका भांडायला पुढे सरसावली, तर दिशाने तिचा हात धरून तिला मागे ओढलं. "चल घरी. भांडून नाही मिळायची."

"मग काय रडून?"

"लग्नपत्रिका आहेत का तुमच्या घरी?"

लग्नपत्रिकांना कुठल्याही घरात तोटा नसतो. मोनिकाने जाडजूड पुठ्ठ्याच्या पत्रिका आणल्या. सम्राटने कार्ड वर ठेवून आखलं, दिशाने कापलं. एकेक तुकडा रिकाम्या पाकिटात घालून फाडलेल्या कडा डिंकाने चिकटवल्या. सूर्य टेकायच्या आत तिघं पुन्हा चारीपलीकडे!

"बाबा, दोन द्या आणि ही पाच घ्या!"

बाबांनी एक पाकीट उन्हात धरून तिरपं केलं. कवडसा सरळ जाऊन लांबच्या बाभळीवर बसला. तिथले दोन होले फडफडत उठले.

"आँ! हे तर लई लांब मारतंय की!" बाबांनी उरलेलीही हातात घेतली. "कुनाचं डोकं म्हनायचं हे?"

"हिचं!" सम्राट आणि मोनिका म्हणाली.

"केडगावची का? मग ने बाई तुझी दोन. पाखरांच्या कामात मी म्हातारा झालो, पन पुठ्ठा घालायचं काय सुचलं न्हाई मला."

रात्री मामा आले तेव्हा उलगडा झाला. रिकामी पाकिटं बाजरीला उपयोगी पडतील म्हणून त्यांनी आत्याकडे मागितली, आणि तिने स्वयंपाकाच्या गडबडीत फळीवरच्या बॉक्सकडे बोट दाखवलं!

"आतलं हाताला लागलं न्हाई का हो तुम्हाला?" आत्याने विचारलं.

"लागलं की. मला वाटलं, पाकीटच तसलं जाड असंल." मामा ओशाळले. "पोरी, सकाळी फाट्यावर मीच सोडतो तुला."

बस उशिरा आली आणि घाईत होती. माधुरी खिडकीत होती. तिने केस कापले होते. हे दिशाला कुठल्याच बातमीत कळलं नव्हतं! सांगायचं कितीतरी ठरवलेलं, पण तोंडातून निघालं ते एवढंच : "घे! पाचही आहेत. कोपऱ्यात भोकं पडलीयत. मी नाही पाडली!"

"तू माझी उघडली नाहीस?" माधुरीने विचारलं.

"तुझी होती ना."

माधुरीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोच कंडक्टरने घंटी मारली. बस निघाली. धूळ खाली बसली, फाट्यावर रसवंतीची घुंगरं वाजत राहिली. मामांनी न विचारता उसाच्या रसाचा ग्लास दिशाच्या हातात दिला. तिने तो अर्धाच प्यायला.

दुपारी फोन वाजला. माधुरीचा व्हिडिओ! बसच्या सीटवरून काढलेला, सारखा हलणारा.

"हॅलो दिशा. मी बॉक्स उघडतेय. म्हणजे पाकिटं." चंदेरी कागद फाटला. "ही धनुष्यवाली. ही हॉकीवाली. हिच्या बरोबर डोक्यावर भोक आहे!" माधुरी हसली. मग हसू थांबलं. "आता माझ्या बातम्या. नव्या शाळेत माझ्याशी कुणी बोलत नाही. डबा मी जिन्यात बसून खाते. लिहायला लागले की रडू यायचं, म्हणून नुसता अंगठा पाठवायचे. तुझं सगळं मस्त चाललंय म्हणालीस, म्हणून मग सांगावंसंच वाटलं नाही."

व्हिडिओ तिथेच संपला.

दिशा बाहेर ओट्यावर आली. सम्राट आणि मोनिका उरलेल्या पुठ्ठ्याला मामांच्या चमकीच्या पट्ट्या चिकटवून पाखरांसाठी पाकिटं करत होती. ती आता गावभरचे लोक मागायला लागले होते! आत्या कुरडया उलटत होती.

"काय म्हणती मैत्रीण?" या वेळी आत्याने हातातलं काम थांबवून विचारलं.

"तिला तिथे करमत नाही." दिशाने मोबाईल ओट्यावर ठेवला. "मलाही नाही करमत, आत्या. आई कधी येते असं होतं."

आत्याने हात पदराला पुसले आणि खाटेच्या कडेला सरकून तिला जागा केली. बराच वेळ तिने दिशाच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"पाखरं राखायची तर बुद्धीचं मानूस लागतं," मामा दारातून म्हणाले. "काल रंभाजीबाबा अख्ख्या पारावर तुझं नाव सांगत हुते. तसली अजून एक असंल, तर बाजरी काढूस्तोवर धाड म्हणावं इकडं. तिच्या आईशी मी बोलतो."

दिशाने मोबाईल उचलला. या वेळी तिने मोठ्ठं लिहिलं. सुप्याची कंपनी, आईचा रात्री उशिरा येणारा फोन, गच्चीवर एकटीने उघडलेली पाकिटं, सगळं. शेवटी लिहिलं : 'मामा बोलवतायत. येशील?'

निरोपाखाली एकच टिक आली. बस मधेच कुठेतरी असेल, रेंज नसेल.

"आली का दुसरी टिक?" मोनिकाने वाकून पाहिलं.

"नाही अजून."

"मग थांबू," मोनिका म्हणाली आणि कात्री खाली ठेवून तिच्या शेजारी येऊन बसली.