शेजारची राखीव जागा

काळा रंग संपला म्हणून पेंटर रंगाच्या दुकानात गेला होता. तिथे काउंटरपाशी त्याला बाई भेटल्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाईंनी गावातल्या इतिहास मंडळाला वाहून घेतलं होतं. गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीत कमरेएवढं गवत माजलं होतं, कुंपणाची भिंत ढासळली होती, आणि मधूनच रस्ता काढायचं घाटत होतं. बाई आणि त्यांच्यासारख्याच काही निवृत्त मंडळींनी अर्ज करून, विनवून, वेळ पडली तेव्हा भांडून ती जागा वाचवली होती. आता तिथली सैनिकांची ओळ नीट करायची होती. दगडांवरची नावं पुसट झाली होती. ती उजळायची, हिवाळ्यात स्मरणदिन करायचा, घरच्यांना बोलवायचं आणि ज्याला जे आठवेल ते त्यानं सांगायचं, असं ठरलं होतं.

"तुमच्या हाताला जे वळण आहे ते दुसऱ्या कोणाच्या नाही," बाई म्हणाल्या. "कराल ना?"

पेंटर हो म्हणाला. नाही म्हणायला कारण होतं, पण ते दुकानात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. त्या ओळीत त्याच्या बायकोचा पहिला नवरा होता.

बायको डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. फार लहान वयात तिचं लग्न झालं, वर्ष व्हायच्या आत तो सीमेवर गेला आणि पेटीतून परत आला. पुढे बऱ्याच वर्षांनी दवाखान्याची पाटी रंगवायला आलेल्या पेंटरशी तिची ओळख झाली. संसार चांगला चालला होता. त्या पहिल्याचं नाव घरात निघत नसे. पेंटरला वाटायचं, विसरली असेल. मंडळाचं काम निघालं आणि त्याच्या लक्षात आलं की ती विसरली नव्हती, नुसती गप्प होती.

सुट्टीच्या दिवशी ती बादली आणि ब्रश घेऊन तिकडे जाऊ लागली. परत यायची तेव्हा गुडघ्यांना माती आणि चेहऱ्यावर अशी काही टवटवी, की पेंटरला तिच्याकडे बघवायचं नाही. स्मरणदिनाला बोलशील का, असं बाईंनी विचारलं तर तिनं आढेवेढेसुद्धा घेतले नाहीत. भांडी घासता घासता ती भाषण जुळवायची आणि मध्येच स्वतःशी हसायची. हा बाहेरच्या खोलीत बसून ते हसू ऐकायचा. आपल्या कुठल्या बोलण्यावर ती असं हसली होती, ते आठवून बघायचा. आठवायचं नाही.

जिवंत माणसाशी दोन हात करता येतात. या पोराचं काय करणार? त्याला टक्कल पडणार नव्हतं, तो घोरणार नव्हता, ओला टॉवेल पलंगावर टाकणार नव्हता. तो कायमचा ऐन पंचविशीत बसला होता आणि इकडे पेंटरचे कानावरचे केस पांढरे होत चालले होते.

काम सुरू झालं. पेंटर दुपारी जायचा, दगडासमोर पोतं टाकून बसायचा आणि बारीक ब्रशनं एकेक अक्षर भरायचा. एकेक नाव जिवंत होत गेलं. ओळीतला तो एक दगड मात्र त्यानं मागे ठेवला. येता-जाता त्याच्याकडे नजर जायचीच. नाव, पलटण, आणि सगळ्यांत खाली छोट्या अक्षरांत एक शब्द: पत्नीकडून. त्या दगडाच्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. भोवती गवत होतं, पण तिथे पात्याएवढंही उगवलं नव्हतं. कोणी रोज झाडून घ्यावी तशी ती जमीन लख्ख होती.

ही जागा कोणाची, असं त्यानं एकदा बाईंना सहज विचारलं. बाई जराशा अडखळल्या. मग म्हणाल्या, की त्या मुलाच्या आईनं, म्हणजे तुमच्या मंडळींच्या आधीच्या सासूबाईंनी, ती तेव्हाच सुनेसाठी राखून ठेवली होती. म्हातारी आता नाही, पण नोंद तशीच आहे. मंडळ ती बदलणार नाही, बदलली तर तुमच्या मंडळींनीच.

त्या रात्री दोघं जेवायला बसले. शेवटी त्यानं विषय काढलाच.

"आईंनी घेतली होती," बायको ताटातून नजर न उचलता म्हणाली. "मला तेव्हा काय कळत होतं?"

"आता कळतंय ना? मग सोडून दे."

"सोडून देऊ म्हणजे कोणाला देऊ?"

"मग मी कुठे जायचं?"

यावर ती हसली. तुम्ही आत्तापासून कशाला मरायला निघालात, म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. एरवी तोही हसला असता. पण जागा सोडते, असं काही तिच्या तोंडून आलं नाही. अंधारात पडल्या पडल्या पेंटर तेवढंच उगाळत राहिला. आयुष्यभर आपल्याजवळ, आणि नंतरचं सगळं त्याच्याजवळ. नंतरचं केवढं मोठं असतं!

दफनभूमीची माहिती देणारी एक मोठी पाटी मंडळाला लावायची होती. पेंटरनं बाईंना सुचवलं, की ती त्या मोकळ्या जागेतच उभी करू, चारही बाजूंनी दिसेल. बाईंनी विचारलं, घरी बोललात का? बोललो, तिची काही हरकत नाही, असं पेंटरनं बेधडक ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहार आणि फावडं घेऊन त्यानं खांबासाठी खड्डा खणला. माती आश्चर्य वाटावं इतकी भुसभुशीत निघाली. खांब उद्या आणू म्हणून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी खांब घेऊन येऊन बघतो तर खड्डा नाही. माती भरलेली, वरून चोपलेली, आणि त्यावर बुटांच्या टाचांचे ठसे, एकाशेजारी एक, शिस्तीत. रखवालदारानं केलं असेल म्हणून पेंटरनं त्याला फैलावर घेतलं. रखवालदार म्हणाला, माझ्या पायात चपला आहेत, बघा की.

पेंटरनं पुन्हा पहार उचलली.

त्या दिवशी दुपारपासूनच धुकं उतरत होतं. आधी भिंत गेली, मग झाडं, मग पलीकडच्या ओळी. शेवटी खड्डा, तो दगड आणि पेंटर एवढंच उरलं. पहारीचा आवाजही ओल्या कापसात दाबल्यासारखा येत होता. रस्त्यावरच्या गाड्या कुठे गेल्या कोण जाणे. मधेच त्याला बुटांच्या पॉलिशचा वास आला. त्याला वाटलं, आपल्याच टर्पेंटाइनचा असेल. पण टर्पेंटाइनची बाटली तर आज घरीच राहिली होती.

"काका, खड्डा तिरका जातोय."

पेंटर दचकला. पलीकडे एक तरुण उभा होता. तोंडाला धुळीसाठी फडकं बांधलेलं, बाह्या दुमडलेल्या. गवत काढायला मंडळाची पोरं येत असत, त्यांतलाच एखादा असणार. पेंटरला बरंच वाटलं. तो म्हणाला, आलाच आहेस तर खांब धर. तरुणानं खांब धरला. इतका सरळ, इतका निश्चल, की पेंटरला ओळंबा लावायची गरज पडली नाही.

पेंटर फावड्यानं खांबाभोवती माती लोटू लागला. मग तो तरुण हलक्या आवाजात म्हणाला,

"ती अजून डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपते?"

"कोण?"

"आणि पाय मात्र बाहेर... एवढ्या थंडीतसुद्धा."

पेंटरच्या हातातलं फावडं तिथल्या तिथे थांबलं. ही गोष्ट जगात एकालाच माहीत आहे, अशी त्याची समजूत होती. पहिल्या क्षणी त्याला भीती वाटलीच नाही. वाटला तो निव्वळ संताप, की हे याला कसं ठाऊक, हे माझं आहे. आणि मग त्याची नजर खाली गेली. धुक्यानं सगळं गवत ओलं झालं होतं, त्याचे स्वतःचे हात ओले होते, खांब ओला होता. त्या तरुणाचे बूट मात्र कोरडे होते. त्यांच्यावर नुकतं पॉलिश केल्यासारखी चकाकी होती.

"खांब काढून घ्या, काका," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. वडीलधाऱ्याशी बोलावं तसा अदबीनं बोलत होता. "तुमच्याकडे आहे तोवर आहे... मी काही म्हणतो का? मला घाई नाही."

त्यानं खांब सोडला. खांब पडला नाही. पेंटर पहार, फावडं, सगळं टाकून पळाला आणि फाटकाबाहेर दिव्याच्या खांबाला धरून कितीतरी वेळ धापा टाकत उभा राहिला. तिथे धुकं नव्हतं. ऊन पडलं होतं.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. सांगणार काय? तुझा नवरा भेटला होता? त्या शब्दाशीच त्याची जीभ अडत होती. खांब तिथून काढून पाटी फाटकाजवळ लावायला त्यानं बाईंना सांगितलं. माती बरोबर नाही, म्हणाला. मग रखवालदाराला सोबत घेऊन, भर दुपारी, तो मागे ठेवलेला दगड रंगवायला बसला. नाव भरलं, पलटण भरली. चांगला, दाट, वर्षानुवर्षं टिकणारा रंग. शेवटचा शब्द आला तेव्हा त्याचा हात थांबला.

पत्नीकडून.

भीती होती, नव्हती असं नाही. पण त्या भीतीच्याही तळाशी ते जुनं पिळवटणं तसंच होतं. एवढं सगळं त्याचं, मग हा एक शब्द तरी कशाला? पेंटरनं डब्यात पाणी ओतलं, दुसरा स्वस्तातला रंग त्यात कालवला आणि तो शब्द तेवढा त्या पाणचट रंगानं भरला. दिसायला हुबेहूब. पहिल्या पावसाला जाईल असा.

स्मरणदिन छान झाला. माणसं दुरून आली, म्हातारे रडले, कोणी आपल्या काकाच्या खोड्या सांगितल्या. बायकोनं उभं राहून त्या मुलाबद्दल सांगितलं, की तो पत्रं लिहायचा ती अर्धी चित्रंच असायची, आणि चित्रं इतकी वाईट, की माणूस कुठला आणि खेचर कुठलं ते ओळखू येत नसे. लोक हसले. मग ती म्हणाली, "ही अक्षरं माझ्या मिस्टरांनी भरली आहेत. याचीसुद्धा. दुसऱ्या कोणी भरली असती की नाही, मला माहीत नाही." आणि तिनं गर्दीतून नेमकं पेंटरकडे पाहिलं. पेंटरनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, गहिवरला.

अवकाळी पाऊस झाला आणि तो शब्द ओघळून गेला. दगडच तिथे कच्चा असेल, असं बायको म्हणाली. तिला शंकासुद्धा आली नाही.

पेंटरला तेव्हा एका उंच इमारतीच्या माथ्यावरची अक्षरं रंगवायचं काम मिळालं होतं. शिडी लावून चढायचं, एका हातानं धरून दुसऱ्यानं रंगवायचं. वारा असायचा, पण शिडी कशी ती हलायची नाही. त्याला त्याचं बरं वाटायचं. काम आता शेवटच्या, सगळ्यांत वरच्या अक्षरांपर्यंत आलं होतं.

तो शब्द गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून येऊन बायको पाय धूत होती. धुता धुता म्हणाली, त्या पोराला एकदा घरी घेऊन या की.

"कुठल्या पोराला?"

"तुमची शिडी धरतो ना, तो. बसमधून रोज दिसतो मला. पाठमोराच असतो. तोंड काही दिसलं नाही कधी."

मदतीला माणूस पेंटरनं कधीच ठेवला नव्हता.

"पण त्याला जरा समज द्या," पाय पुसत ती म्हणाली. "इतके दिवस कसा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा असायचा. आज पाहिलं, तर एकाच हातानं धरली होती."