यादीबाहेरचा ठिपका

सोलापुरातल्या घैसासांच्या दुकानात आता दोनच प्रकारच्या दुर्बिणी उरल्या होत्या. दोन्ही स्वयंचलित: गच्चीवर ठेवा, फोनवर बोट टेका, तासाभरात ताऱ्यांचा फोटो हजर. फरक एवढाच, की 'निर्मळ' नावाची दुर्बीण प्रत्येक फोटो स्वतःत साठवलेल्या, आकाशातल्या माहीत असलेल्या गोष्टींच्या यादीशी ताडून पाही आणि यादीत नसलेलं सगळं पुसून टाकी. उपग्रहांची वर एवढी गर्दी झाली होती, की त्यांच्या रेघा पुसल्याशिवाय नवशिक्याच्या हाती धड काही लागत नसे. साधी दुर्बीण जे दिसेल ते दाखवी, म्हणून बहुधा आठवड्याभरात दुकानात परत येई.

बार्शीच्या शैलजा उंबरकरही तीच परत घेऊन आल्या. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काचपट्ट्या पाहून नुकत्याच निवृत्त झालेल्या बाई. एका दीर्घिकेच्या, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट दूरच्या समूहाच्या फोटोत कडेला एक ठिपका येतो, तीन रात्री अगदी तिथंच, असं त्यांनी सांगितलं. मग जरा संकोचून विचारलं, "नवा तारा तर नसेल ना ओ?"

घैसास हसले. तरुणपणी असाच ठिपका शोधत त्यांनी दहा वर्षं घालवली होती. आपल्याला जे मिळालं नाही ते या बाईंना पहिल्याच महिन्यात मिळेल, हे त्यांच्या अहंकाराला झेपणारं नव्हतं. फोटो न बघताच त्यांनी सांगून टाकलं, की कॅमेऱ्यात दोष आहे. 'निर्मळ' घ्या, डोक्याला ताप नाही. बाईंनी घेतली. परत आलेल्या दुर्बिणीतले फोटो घैसासांनी नेहमीप्रमाणे पुसून टाकले.

अठरा दिवसांनी बातमी आली. त्याच दीर्घिकेत अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन मरणारा तारा, कुणा परदेशी हौशी माणसाला सापडला होता. शोध पहिल्यांदा कळवणाऱ्याच्या नावावर जातो. घैसासांना स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बाईंचा थोडा हेवाही वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बार्शीला जाऊन बाईंना सगळं सांगितलं. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी फोनवर आदल्या रात्रीचा फोटो काढून दाखवला. तीच दीर्घिका, सुरेख, स्वच्छ, आणि ठिपका नाही. तारा वर अजून जळत होता, पण यादीत आलेला नव्हता.

"यात कधी येईल तो?"

"कंपनी यादी सुधारेल तेव्हा. दोन-तीन महिन्यांनी."

"तोवर विझेल की."

घैसासांनी मान हलवली.

"तीन रात्री मी माझ्या डोळ्यांनी बघितला," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही हसलात म्हणून सोडून दिला."

मग बाईंनी विचारलं, की जिल्ह्यात अशा किती 'निर्मळ' विकल्या. चारशेच्या वर, ते म्हणाले. साधी आता कुणीच नेत नाही.

"मग उद्या वर आणखी काही नवीन आलं," बाईंनी विचारलं, "तर ते बघणार कोण?"