वरच्या चार पायऱ्या

मिस्त्री खुर्ची शोधायला निघाले तो दिवस तसा इतर दिवसांसारखाच होता. खिशात मोजपट्टी, कानावर पेन्सिल. सुतारकाम सोडून सहा वर्षं झाली होती, पण पेन्सिल काही कानावरून उतरली नव्हती.

घरातला जिना त्यांनी स्वतःच्या हातानं केलेला. सरळ चढणारा, भिंतीला चिकटून, पंधरा पायऱ्यांचा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी केला होता आणि अजून एक पायरी करकरत नव्हती. बायकोचे गुडघे गेले तसे मिस्त्री तिला पाठुंगळी घेऊन वर न्यायचे. मोठ्यानं पायऱ्या मोजत जायचे आणि पंधरावीला म्हणायचे, "उतरा बाई, गाव आलं." इतक्या वर्षांत तो विनोद शिळा झाला होता, पण ती हसायची. तिच्या हसण्याचा वारा मानेला लागायचा, तेवढ्यासाठीच मिस्त्री तो करायचे.

मग एकदा नवव्या पायरीवर त्यांचा पाय लटपटला. कुणी पडलं नाही, पण डॉक्टरांनी दम भरला. तेव्हापासून बायको खाली, स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलेल्या खाटेवर. आठ महिने झाले. वरच्या खोलीत तिची खिडकी होती, तिथून सगळा रस्ता दिसायचा. "जिवंतपणी एकदा खिडकीशी बसवा," ती म्हणायची. "मेल्यावर काय, जिना लागतच नाही."

मोठ्या दुकानात जिन्याची खुर्ची होती. बसायचं, बटण दाबायचं, रुळावरून खुर्ची आपोआप वर. विक्रेत्यानं किंमत सांगितली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "साहेब, घर विकलं तर येईल ही. पण मग लावायची कुठे?"

विक्रेता भला माणूस होता. हसला आणि म्हणाला, "वापरलेली चालेल? औषधाच्या दुकानात एक चिठ्ठी लावलीय बघा, कुणीतरी विकतंय."

चिठ्ठी होती. अक्षर एकदम सुबक, ओळींखाली पट्टीनं रेघा मारलेल्या. मिस्त्रींना वाचता येत नव्हतं, औषधवाल्यानं पत्ता वाचून दाखवला.

ते घर एका निवृत्त मास्तरीणबाईंचं निघालं. त्यांचा नवरा घड्याळजी होता. पाय गेल्यावर त्यानं ही खुर्ची बसवून घेतली होती, आणि चार महिन्यांपूर्वी तो गेला. खुर्ची जुनी, पण लोण्यासारखी चालणारी. रुळावर पायरीगणिक एक खाच होती, खुर्ची खाचेवरून गेली की टक् असा आवाज यायचा. मिस्त्रींनी बोटांनी मोजलं. एकोणीस खाचा.

"आमच्या पायऱ्या पंधरा," ते म्हणाले. "चार खाचांचा रूळ जास्त होईल."

"वरच्या टोकाचा कापा," मास्तरीणबाई म्हणाल्या. मग वर्गात सांगावं तसं पुन्हा म्हणाल्या, "वरचाच. लक्षात राहील ना?"

किंमत त्यांनी इतकी कमी सांगितली की मिस्त्रींनाच लाज वाटली.

लक्षात राहिलं होतं. पण हाताची सवय डोक्याला विचारत नाही. मिस्त्रींच्या उस्तादानं त्यांना लहानपणी एकच गोष्ट ठोकून शिकवली होती. लाकूड जास्त झालं तर बुडख्याकडून कापायचं, शेंडा राखायचा. शेंडा कापलेला खांब घराला लाभत नाही. पन्नास वर्षं तो हात तसाच चालला. रूळ लोखंडाचा होता, त्याला कसला बुडखा नि कसला शेंडा, पण करवत हातात आली आणि मिस्त्रींनी खालच्या चार खाचा कापल्या. कापून झाल्यावर आठवलं. म्हटलं, असू दे, लोखंडाला काय कळतंय.

पहिल्या दिवशी बायको खुर्चीत बसली, मिस्त्री बाजूनं तिचा हात धरून पायऱ्या चढले. घूं असा बारीक आवाज आणि टक्, टक्. पंधरावं टक् झालं आणि खुर्ची थांबली. बायको खिडकीशी गेली आणि डोळ्यांना पदर लावला. मिस्त्रींना वाटलं, जन्माचं काम झालं.

चार दिवस गेले. बायको म्हणाली, "तुम्ही कशाला धापा टाकत बरोबर येता? मी काय शेंबडी पोर आहे? बसा खाली."

बसले. दुपारचे चार वाजले होते, पण जिन्याला खिडकी नव्हती. खालून बघितलं तर दहाव्या पायरीपर्यंत दिसायचं, पुढे अंधार. बायकोची पावलं त्या अंधारात गेली. मिस्त्री सवयीनं मोजत होते. तेरा. चौदा. पंधरा.

टक्.

मिस्त्री दचकले. टक्. टक्. टक्. मग घूं थांबलं.

एकोणीस.

ते जमेल तेवढ्या घाईनं वर गेले. खुर्ची नेहमीच्या जागी होती. बायको खिडकीशी.

"काय झालं हो? चेहरा का असा?"

"तू... कुठे गेली होतीस?"

"वर," ती म्हणाली. "आणखी कुठे जाणार?"

खोलीत लवंगेचा वास होता. दोघांपैकी कुणी लवंग खात नव्हतं.

रोज असंच होऊ लागलं. मिस्त्री बरोबर असले की पंधरा. ती एकटी गेली की एकोणीस. एकदा ती न्हाणीत असताना मिस्त्री स्वतः खुर्चीत बसले, पट्टा लावला, बटण दाबलं. पंधरा. पुन्हा खाली येऊन पुन्हा गेले. पंधराच. अंधारात एकटे बसून राहिले आणि त्यांना भीती वाटायच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं. आपल्याच घरच्या लग्नात आपल्याला दारातूनच परत पाठवावं, तसं.

आता बायको चारच्या आधी वेणी घालायची. आठ महिन्यांत आरसा मागितला नव्हता, तो मागितला. मिस्त्री बघत राहायचे.

"कुणाकडे निघालीस एवढी नटून?"

"खिडकीकडे," ती म्हणाली. मग हसून, "खुर्चीवर जळता की काय या वयात?"

मिस्त्री हसले नाहीत.

मग मनगटी घड्याळाचं झालं. लग्नात मिस्त्रींनीच दिलेलं, अकरा वर्षांपासून बंद. "पुढच्या आठवड्यात देतो दुरुस्तीला," असं मिस्त्री अकरा वर्षं म्हणत होते. एका दुपारी ती ते घालून वर गेली. संध्याकाळी खाली आली, खाटेवर बसली, आणि स्वयंपाकघरातल्या शांततेत मिस्त्रींना ऐकू आलं. टिक, टिक, टिक. दमदार, तरणाबांड आवाज.

"हे... चालू कसं झालं?"

"झालं," ती म्हणाली. हात तिनं अलगद पदराखाली घेतला. बाई आवडती वस्तू झाकते, तसा.

त्या रात्री मिस्त्रींच्या डोळ्याला डोळा लागला नाही. माणसाला चोराचा राग येतो, पण चोर दिसत तरी असतो. यानं काय नेलं तेही सांगता येईना. सकाळी उठून ते मास्तरीणबाईंकडे गेले.

बाईंनी ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "कुठलं टोक कापलंत?"

"खालचं. हाताच्या सवयीनं..."

बाई उठल्या, खिडकीचा पडदा उगाच सारखा केला.

"मी त्या दिवशी बाजारात गेले होते," त्या म्हणाल्या. "आले तर हे वरच्या टोकाला, खुर्चीतच गेलेले. पट्टा तसाच लावलेला. गालात लवंग. त्यानंतर तीन महिने मी रोज खाली बसून बटण दाबायची. रिकामी खुर्ची वर जायची, रिकामी खाली यायची. चाळीस वर्षांचा संसार, मिस्त्री. एकदा तरी काही कळवतील, वास येईल, काही... एकदाही नाही." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "आणि तुमच्या घरी घड्याळं दुरुस्त होतायत."

"बाई, तुम्हाला माहीत होतं म्हणून वरचं कापा म्हणालात?"

"माहीत काही नव्हतं. पण त्या टोकाला काही असलंच, तर मला नाही तर कुणालाच नको, असं वाटलं. म्हणून म्हटलं."

मिस्त्री दाराशी चपला घालत होते तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "तुमची बायको... दिसायला कशी आहे?"

मिस्त्रींना फक्त एवढं कळलं, की या बाईच्या आणि आपल्या पोटात एकच निखारा आहे.

घरी येऊन त्यांनी खुर्चीची तार काढली. लोखंड कापायची करवत घेतली आणि रुळाच्या वरच्या चार खाचा कापून काढल्या. दुपारपर्यंत करवत चालली होती. बायको खाली खाटेवर बसून आवाज ऐकत होती. तुकडा त्यांनी परसात नेऊन भंगाराच्या ढिगावर टाकला. हात धुतले. साबण लावून दोनदा धुतले, तरी बोटांना लवंगेचा वास राहिलाच.

"खुर्ची बिघडली," ते बायकोला म्हणाले.

"हो का?" ती म्हणाली. रडली नाही, रागावली नाही. मनगटावरचं घड्याळ बघितलं. "चार वाजायला आले. मग तुम्ही न्या."

मिस्त्रींना केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. डॉक्टर गेले उडत. त्यांनी खाली वाकून पाठ दिली, तिनं दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले. आठ महिन्यांत ती आणखी हलकी झाली होती. तिची हनुवटी खांद्यावर टेकली, घड्याळ कानाशी टिकटिकत होतं. टिकटिकू दे, मिस्त्रींनी मनात म्हटलं. पाठ तर माझी आहे ना?

"एक," ते मोठ्यानं म्हणाले. "दोन. तीन."

नवव्या पायरीवर पाय लटपटला नाही. दहावीनंतर अंधार सुरू झाला, पण आपल्या हातचा जिना, डोळे हवेत कशाला? बारा. तेरा. चौदा.

"पंधरा," मिस्त्री म्हणाले. "उतरा बाई, गाव..."

पुढे सपाट जमीन हवी होती. उचललेला पाय पायरीवर पडला, आणि मागचाही सवयीनं वर आला.

लाकडाची पायरी होती, पण त्यांच्या लाकडाची नव्हती. सुताराच्या तळव्याला कळतं. कड गोल झालेली, मधोमध खोलगट, कुणाच्यातरी वर्षानुवर्षांच्या पायांनी झिजलेली. लवंगेचा वास आता समोरून येत होता, अगदी जवळून, कुणी तोंड उघडून श्वास घ्यावा तसा.

"अगं..." मिस्त्री पुटपुटले. "खाली जाऊ... मी उतरतो..."

त्यांनी दुसऱ्या पायानं मागची पायरी चाचपली. आपली पंधरावी, जिचा खिळान् खिळा त्यांना पाठ होता, ती. पाय खाली, आणखी खाली गेला. काही लागलं नाही.

"थांबू नका हो," बायको कानाशी कुजबुजली. तिच्या आवाजात हसू होतं. गाव आल्यावर हसायची, तेच. "अजून तीनच आहेत."

तिचा एक हात त्यांच्या गळ्यातून सुटला आणि अंधारात पुढे झाला, कुणाच्यातरी हातात दिल्यासारखा. मिस्त्रींनी तिचे पाय घट्ट आवळून धरले. पण पाठीवरचं ओझं हळूहळू निम्मं झालं... पलीकडून कुणीतरी खांदा द्यावा, तसं.