पळायची मुभा

शनिवारी सकाळी शैलेंद्र, मेधा आणि त्यांची मुलगी श्रिया सिंगापूरच्या मरीन परेड भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या मोठ्या मंडपात, नाश्त्याला जात. आठवडाभर कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडच्या रिफायनरीत जायचं, तिथल्या पंपांच्या आवाजात दिवस काढायचा, असं शैलेंद्रचं काम. त्यामुळे शनिवारची ‘कोपी’ नावाची गोड कॉफी आणि लोण्याचा जाड तुकडा घातलेला टोस्ट म्हणजे त्याच्या लेखी खरी सुट्टी. २००६ सालचा ऑक्टोबर होता. सुमात्रातल्या वणव्यांचा धूर समुद्र ओलांडून शहरावर उतरला होता, आणि पंख्याखाली बसूनही घशात जळक्या पाल्याची चव यायची.

तिथल्या साळुंक्या भलत्याच धीट. उष्ट्या बशीवर झडप घालायच्या आणि माणसाचा हात हलला की भुर्रकन उडायच्या. त्या शनिवारी एक साळुंकी शैलेंद्रच्या बशीपाशी उतरली. वर्तमानपत्र वाचता वाचता त्याने तिला हाताने हाकललं, तर त्याची बोटं तिच्या पाठीला लागली. ती उडाली नाही. बोटांखाली उबदार पिसं होती आणि त्यांच्या आत एक बारीक, भरभर चाललेली धडधड.

त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"ओळखीची दिसतेय तुझ्या," मेधा हसून म्हणाली आणि तिने नुसता रुमाल झटकला. साळुंकी तत्काळ उडून गेली.

शैलेंद्र हसला नाही. त्याला जोहोरचं ते मचाण आठवलं, आणि समोरचा टोस्ट त्याने तसाच ठेवला.

त्याचं असं झालं होतं. त्यांच्याच इमारतीत प्रबोधकाका राहत. बँकेतून निवृत्त झालेले, सिंगापूरचे नागरिक होऊनही बरीच वर्षं झालेले. तरुणपणी, शिकारीवर बंदी येण्याआधी, ते मामांबरोबर मेळघाटात शिकारीला जायचे. माग काढत घालवलेले दिवस, वाऱ्याची दिशा, हुकलेल्या गोळ्या, हे सगळं ते फार रंगवून सांगत. शैलेंद्र तासन्‌तास ऐकत बसे. आयुष्यात एकदा तरी, असं त्याच्या मनाने घेतलं. शेवटी त्याच्या आग्रहाखातर गणपती उठल्यानंतरच्या एका रविवारी काका त्याला सीमेपलीकडे मलेशियात, जोहोरला घेऊन गेले. तिथे त्यांच्या एका जुन्या खातेदाराचा पामचा मळा होता. रानडुकरं रोपं उकरतात म्हणून मळेवाल्याकडे बंदुकीचा परवाना होता. शैलेंद्रकडे नव्हता. त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

मळ्याच्या टोकाला मोकळ्या जागेत मक्याचे दाणे पसरलेले होते आणि त्यांच्या समोर मचाण बांधलेलं होतं. मळेवाल्याने एक पत्र्याचा डबा घेतला आणि काठीने ठण्‌ठण्‌ वाजवला.

"रोज वाजवतो," तो इंग्रजीत म्हणाला. "येतील आता."

काका मचाणावरून उठले. "चल शैलेंद्र, खाली उतर."

"का?"

"अरे, ही शिकार नव्हे. हे जेवायला बोलावून मारणं झालं. जनावराला पळायची मुभा असते म्हणून तिला शिकार म्हणायचं. नाहीतर खाटकात आणि आपल्यात फरक काय? खाटीक निदान शिकारीच्या गप्पा मारत नाही."

"काका, शेवटी ती मरणारच आहेत ना? आज मी नाही, तर उद्या हे मारतील."

काका शिडी उतरून गाडीत जाऊन बसले.

शैलेंद्र थांबला. ऊन कलत होतं. झावळ्यांखालून एक थोराड मादी बाहेर आली, मागून तिची पट्टेरी पिल्लं. त्याने बंदुकीचा खटका सरकवला. आवाज झाला. मादीने मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. तिने त्याला पाहिलं, यात शंकाच नव्हती. तिने पळायला हवं होतं. पण मचाणावरचा माणूस म्हणजे दाणे टाकणारा माणूस, एवढंच तिला ठाऊक होतं. तिने पुन्हा मान खाली घातली.

तेव्हाही तो थांबू शकला असता. त्याने चाप ओढला.

 घरी आल्यावर श्रियाने विचारलं तेव्हा शैलेंद्र भरभरून बोलला. कसा माग काढला, कसं चिखलात लपून बसलो, डुक्कर अंगावर कसं धावून आलं. श्रियाने वर्गात उभं राहून ती गोष्ट सांगितली. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या.

साळुंकीच्या त्या सकाळनंतर तो लक्ष ठेवू लागला. स्वयंपाकघरातली पाल त्याने झाडू आपटला तरी भिंतीवरून हलली नाही. मेधा दारात येताच सुळकन ट्यूबलाइटमागे गेली. इमारतीखाली तुटक्या कानाचं एक मांजर होतं, कुणालाच जवळ येऊ न देणारं. ते त्याच्या वाटेत येऊन बसलं आणि मान उचलून पाहत राहिलं. खायला मागत नव्हतं. पायाला अंग घासत नव्हतं. नुसतं थांबलं होतं. शैलेंद्र पलीकडून वळसा घालून गेला, आणि ऑफिसात दिवसभर त्याला स्वतःच्या हातांचा वास येत राहिला. बंदुकीच्या जळक्या दारूचा. की तो धुराचाच होता?

शेवटी तो काकांकडे गेला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "मनाला लागलंय तुझ्या, दुसरं काही नाही. उद्या मॅकरिचीला फिरायला जाऊ. मोकळ्या हवेत बरं वाटेल."

मॅकरिचीच्या जलाशयाकाठी झाडीतून पायवाट जाते. तिथली माकडं माणसांच्या हातातल्या पिशव्या पळवतात. वळणावर टोळी बसलेली दिसली तेव्हा काका पुढे होते. त्यांना बघून माकडं नेहमीसारखी दात विचकत फांद्यांवर चढली.

मग शैलेंद्र वळणावर आला.

चिरकणं थांबलं. फांद्या हलायच्या थांबल्या. एकेक माकड खाली उतरलं आणि पायवाटेवर बसलं. म्हातारा नर, माद्या, अर्धवट वाढलेली पोरं. काकांकडे कुणी बघत नव्हतं.

एका मादीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं. तिने त्याची बोटं केसांतून सोडवली, एकेक करून. पिल्लू शैलेंद्रच्या बुटापुढे ठेवलं. आणि ती मागे सरून बसली.

पिल्लूही ओरडलं नाही.

"काका," शैलेंद्र पाय मागे घेत म्हणाला. "काका, यांना हाकला."

काकांनी काठी आपटली. सगळी टोळी क्षणात झाडांत पसार झाली. जाता जाता त्या मादीने पिल्लू उचललं, पण ओढून न्यावं तसं, नाइलाजाने.

काका खाली बसले.  ते म्हणाले, "मी तुला तिथे न्यायलाच नको होतं. आणि नेलं तर एकट्याला सोडून उतरायला नको होतं." परतीच्या वाटेवर ते त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून चालत राहिले.

त्याच दुपारी शैलेंद्रने श्रियाला जवळ बसवलं आणि खरं ते सांगितलं. डबा, मका, मचाण, सगळं. "मी खोटं सांगितलं तुला. ती अंगावर आली नव्हती. ती जेवत होती."

श्रियाने विचार केला. "देन व्हाय शी नेव्हर रन?"

"तिला वाटलं, मी तिला काही करणार नाही."

"ओ," श्रिया म्हणाली. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. आतून मेधा ऐकत होती. बाहेर येऊन तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कित्येक दिवसांनी त्याला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. बोलायलाच हवं होतं, एवढंच होतं, असं त्याने स्वतःला समजावलं.

संध्याकाळी पाऊस पडून धूर बसला. आकाश निळं दिसलं. इमारतीखालच्या मैदानात मुलं जमली होती, घसरगुंडी ओली होती म्हणून लपाछपी खेळत होती. श्रियाने त्याला ओढत खाली नेलं.

"बाबा, यू कॅच लाह! राज्य तुझ्यावर!"

मुलं खिदळली. शैलेंद्रही हसला. त्याने खांबाला कपाळ टेकलं, डोळे मिटले आणि मोठ्याने आकडे म्हणू लागला. मागे चपलांचे आवाज, किंचाळ्या, कुणाचं तरी "हाइड, हाइड!"

मग आवाज कमी झाले. चांगली लपलीत, त्याला वाटलं.

तो वळला.

एकही मूल पळालं नव्हतं.

सगळी खांबापाशी, त्याच्याभोवती उभी होती. हात बाजूला सोडलेले. कुणी हसत नव्हतं. कुणी घाबरलेलंही नव्हतं. बाकावरच्या आया आपसांत बोलत होत्या.

"पळा," शैलेंद्र म्हणाला. "अरे, पळा ना! रन!"

त्याने एक पाऊल मागे घेतलं. पाठ खांबाला लागली.

मुलांनी एक पाऊल पुढे टाकलं.

सर्वांत पुढे श्रिया होती. तिने दोन्ही हातांनी मानेवरचे केस वर धरले होते आणि शांतपणे ती त्याची वाट पाहत होती.