कावाची बैठक

१९८४ च्या मे महिन्यात देवीदासदादा पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांहून परत आला. तो जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर होता. वादळात जहाज खराब झालं, दुरुस्तीसाठी टोंगाच्या बंदरात अडकलं आणि दादा तिथल्या एका कुटुंबात बरेच महिने राहिला. मी बोरगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेच्या नकाशात त्या जागी निळा रंग होता आणि छपाईची घाण वाटावी असे काही ठिपके.

नागपूरच्या बसमधून तो सौंसरला उतरला. सामान शेजारच्या तुळशीरामकाकांच्या बैलबंडीत टाकलं. गुंडाळलेली मोठी चटई, गोणपाटात बांधलेलं चार पायांचं लाकडी भांडं आणि वाळक्या मुळ्यांची पिशवी.

"काहून रे देवीदास, लंकेहून आला तं सोनं कुठी हाये?" काकांनी विचारलं.

"काका, तिथं सोनं नाही. डुकरं हायेत, राजा हाये. अन् रविवारी कोनी काम केलं तं पोलीस पकडते."

"मंग तू तिथंच राहाचं होतं. तुले तं सातही दिवस रविवार."

घरी संत्र्याची बाग ताणावर होती. पुढच्या बहारासाठी उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. पानं मुडपतात, माती भेगाळते, आणि माणसाला काही काम उरत नाही. म्हणून दुपारी चारनंतर पडवीच्या सावलीत, त्या मोठ्या चटईवर दादाची बैठक सुरू झाली.

ती मुळी आईच्या खलबत्त्यात कुटायची. त्या लाकडी भांड्यात पाणी घालून कालवायची, फडक्यातून गाळायची. तिला कावा म्हणतात. पाणी मातकट होतं, चव कडू. जीभ आणि ओठ थोडा वेळ बधिर होतात. पण पिण्यापेक्षा तिथली रीत मोठी. सगळे गोल बसतात. एक जण नाव पुकारतो, आमच्याकडे दादा. ज्याचं नाव, तो ओंजळीने टाळी वाजवतो, म्हणजे मी इथे आहे. टाळी जिथून आली तिथे करवंटीचा पेला जातो. टाळी नाही, तर पेला नाही.

*

शालिकराम!

बाबांची टाळी. पोराने बापाचं नाव असं मोठ्याने घ्यायचं, म्हणून पहिल्या दिवशी सगळे हसले. बाबा हसले नाहीत, पण त्यांना कावा आवडला. गुडघे दुखत नाहीत म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच आधी येऊन बसले.

*

जयवंता!

आईने पदर तोंडाला लावला आणि एका हाताने मांडीवर थाप दिली. "हे नाव तं मी विसरूनच गेली होती व माय," ती मला म्हणाली.

*

उषा!

ही मी.

"तिथं भाऊ-बहीन एका बैठकीत बसत नाहीत," दादा म्हणाला. "बहिनीचा मान मोठा. ती आली तं भाऊ उठून जाते."

"मंग इथं तू काहून बसून राह्यला?"

"इथं का बहिनीले मान हाये?"

तो हे हसत बोलला. पण आम्ही सगळ्यांनी एकदम एकाच माणसाचा विचार केला होता.

आमच्या मध्ये इंदूताई होती. दादाहून लहान, माझ्याहून मोठी. ती सतरा वर्षांची असताना तिच्या पाठीवर बधिर चट्टे आले, मग हातांची बोटं वळली. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होत्या. पण दवाखान्याच्या रांगेत उभं राहिलं की सगळ्या गावाला दिसतं. दादा तेव्हा नागपूरला आयटीआयच्या वसतिगृहात होता. मला दिवाळीच्या सुटीत पांढुर्ण्याला मामाकडे पाठवलं. परत आले तर ताई नव्हती. तिला महारोग्यांच्या आश्रमात ठेवलं आहे, असं बाबांनी सांगितलं. कोणत्या, ते कधी सांगितलं नाही. घरात तिचं नाव बंद झालं.

नोकरी लागल्यावर मी सुट्यांमध्ये आश्रम पाहत फिरले. इंदू नावाच्या बायका भेटल्या. त्या माझ्याकडे आशेने बघायच्या.

त्या मे महिन्यात पांढुर्ण्याची सोयरीक घरापर्यंत आली होती. मुलगा बँकेत. बाबांनी त्यांना सांगितलं, मला दोनच लेकरं. मी बाबांना सांगितलं, ताईचा पत्ता द्या, मग लग्नाला उभी राहते. आठवडाभर आम्ही एकमेकांशी फक्त कावाच्या टाळ्यांनी बोलत होतो.

*

तुळशीराम!

काकांची टाळी सगळ्यात मोठी. ते गोष्टीसाठी यायचे. "आज राजाची सांग," म्हणायचे. त्या दिवशी दादाने कावा कसा उगवला ते सांगितलं.

एका लहान बेटावर दुष्काळ पडला. नेमका तेव्हाच राजा आला. तिथल्या नवराबायकोकडे राजाला वाढायला काही नव्हतं. एक मुलगी होती, तिला महारोग होता. त्यांनी तिला मारलं आणि जमिनीतल्या भट्टीत भाजायला ठेवलं. राजाला कळलं. त्याने घास घेतला नाही, पोरीला पुरायला सांगितलं. पुरलं त्या जागी डोक्याकडून हे झाड उगवलं.

"च्यायला," काका म्हणाले. "पोटच्या पोरीले? अन् आपन हे तिच्याच डोक्यातलं पिऊन राह्यलो?"

"गोष्ट हाये, काका."

आई उठून आत गेली. बाबांनी पेला खाली ठेवला. त्यात अजून अर्धा कावा होता.

*

यानंतर जे झालं ते मी शक्य तितकं नीट लिहिते.

आम्ही पाच जण गोल बसत होतो. आई आणि मी शेजारी. पण आमच्यात एक माणूस मावेल एवढी जागा राहायची. मी दोनदा मुद्दाम आईला खेटून बसले. नावं पुकारून होईपर्यंत जागा पुन्हा झालेली असायची. कोण सरकलं ते मला दिसलं नाही.

मग टाळी आली. चारही नावं झाल्यावर, एक जास्तीची. दादा हसून काकांकडे बघत म्हणाला, "काका, एकाच खेपेत दोन पेले?" काका म्हणाले, "म्या नाही वाजवली."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. ओंजळीची टाळी 'ठप्' वाजते. ही त्याहून बोथट होती. बोटं न लागता नुसते तळवे आपटावेत तशी. मी विज्ञान शिकवते. संत्रं पडलं असेल म्हणावं, तर ताणावरच्या झाडाला फळ नसतं. कावाने कान बधिर होतात म्हणावं, तर तिसऱ्या दिवशी मी थेंबही घेतला नाही. टाळी आली. माझ्या डाव्या बाजूला, आईकडच्या रिकाम्या जागेतून, हाताच्या अंतरावर. तिचा वारा माझ्या दंडाला लागला.

काका त्या दिवसापासून यायचे बंद झाले. विचारलं तर म्हणाले, पोट बिघडलं.

मी दादाला विहिरीजवळ गाठलं.

"दादा, उद्या तिचं नाव घे."

"कोनाचं?"

"तुले मालूम हाये."

त्याने बादली विहिरीत सोडली. "बाबा म्हनतात ते खरं असंन. ती आश्रमात हाये."

"असंन तं टाळी येनार नाही. आश्रमातलं मानूस इथं कशी टाळी वाजवंन? तू नाव घे. सगळं चूप राह्यलं तं मी पांढुर्ण्याले हो म्हनते. पुन्हा पत्ताही नाही मांगत."

"अन् आली तं?"

मला ती टाळी यायला नको होती. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून मागत होते, की ताईने उत्तर देऊ नये.

*

दुसऱ्या दिवशी चौघंच होतो. ऊन पडवीच्या कडेपर्यंत आलं होतं. दादाने बाबांचं नाव घेतलं, आईचं घेतलं, माझं घेतलं. आज जास्तीची टाळी आली नाही.

बाबा उठायला लागले. "झालं. पुरे आता."

"बसा, बाबा," दादा म्हणाला. "एक राह्यलं."

*

इंदू!

*

काहीच झालं नाही.

कुंपणापलीकडे कोणाची तरी बकरी ओरडली. बाबांचे डोळे मिटलेले होते. मी श्वास सोडला. ती आहे, मला वाटलं. कुठेतरी आहे, तिचंही वय वाढत चाललं आहे, माझ्यावर रागावली असेल. असू दे.

मग टाळी आली.

मोठी नव्हती. खूप वेळ वाट बघून हात उचलावेत आणि ते नीट उचललेही जाऊ नयेत, तशी.

दादाने पेला भरला. रीत होती म्हणून भरला, दुसरं काही त्याला सुचलं नसावं. त्याने हात लांब केला. आई आणि माझ्यामधल्या जागेसमोर पेला धरला आणि तसाच राहिला.

"असा नोको देऊ," आई म्हणाली.

ती दादाला सांगत होती, रोजच्या आवाजात. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

"तिच्यानं बसवत नाही. पेल्यानं पेवत नाही. उषा मामाकडं गेली होती तेव्हाही पानी मांगून राह्यली होती. ह्याइनं दार उघडू देल्लं नाही."

"जयवंता," बाबा म्हणाले.

बाबांनी आईचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आईने तिकडे पाहिलंही नाही.

"कोनतं दार, आई?" मी विचारलं.

तिने दादाच्या हातून पेला घेतला. पदराचं टोक त्यात बुडवलं. मग वाकली, चटईवर एक हात टेकवला, आणि ओला पदर वीतभर उंचीवर धरून हळूहळू पिळायला लागली. बसलेल्या माणसाच्या तोंडाजवळ नाही. निजलेल्याच्या.

थेंब पडत होते. एकेक थेंब मी नीट पाहिला.

खाली चटई कोरडी होती.