पाचव्या ट्रॅकवर कुणी नव्हतं

कानसेनाच्या जिभेला हाड नव्हतं. त्याला ओळखणारा कुणीही हे सांगेल, फक्त सांगण्याआधी तो आसपास नाही ना एवढं बघून घेईल. कानसेन हे अर्थात टोपणनाव. रेकॉर्डिंगमधली माशीसुद्धा याला ऐकू येते म्हणून धंद्यातल्या लोकांनी कौतुकाने ठेवलेलं, आणि कौतुक आटल्यावरही चिकटून राहिलेलं. घराच्या मागच्या अंगाला त्याची एडिटिंगची खोली होती. भिंतींना जाड फोम, खिडकी नाही, दार लावलं की बाहेर कुणी बोंबललं तरी आत पत्ता लागायचा नाही. भर दुपारी दिवा लावावा लागे. बायको त्या खोलीला गुहा म्हणायची. आत कोण राहतं ते तिला वेगळं सांगावं लागत नसे.

त्या दिवशी जेवण उरकून तो कामाला बसला, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

“चार वाजता येतेय ती. नातीला घेऊन. ऐकलंत ना?”

“बहिरा नाही मी.”

“तेच म्हणतेय. आज तेवढं तोंडाला कुलूप लावा. काही धड सुचलं नाही तर नुसतं हं म्हणा. ती तेवढ्यावरही खूश होईल.”

मुलगी त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून निघाली तेव्हा याच घराच्या उंबऱ्यावर तो तिला म्हणाला होता, “गेलीस तर मेलीस.” त्यानंतर ती आली नव्हती. नात तीन वर्षांची झाली, तीही त्याने बायकोच्या फोनवरच पाहिलेली. तसं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं हो. तोंडून निघून गेलं, असं तो बायकोला कितीदा तरी म्हणाला होता, आणि बायको दर वेळी म्हणायची, तुमचंच तोंड ना ते? आता इतक्या वर्षांनी पोरगी स्वतःहून येत होती. पुन्हा काही वेडंवाकडं बोललो तर ती कायमची गेली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या भीतीनेच तर तो कामात डोकं घालून बसला.

काम वकीलबाईंचं होतं. कोर्टात जायच्या आधी घरातली भांडणं बसून मिटवून द्यायची, हा त्यांचा व्यवसाय. तीन भावंडं होती. थोरला, मधली बहीण आणि धाकटा. म्हाताऱ्या वडिलांना कुणी सांभाळायचं यावर बैठक झाली होती. प्रत्येकाच्या कॉलरला एकेक माइक, चौथा वकीलबाईंचा, आणि सगळं एकाच सहा चॅनलांच्या मशिनवर, एकाच फाइलमध्ये रेकॉर्ड झालेलं.

“चौघांचे आवाज सुटे करून द्या,” त्या फोनवर म्हणाल्या होत्या. “एकावर एक बोललेत सगळे. ओ की ठो कळत नाही.”

“मग बोलू कशाला दिलंत?”

“सगळं ठरलं होतं हो. चार-चार महिने प्रत्येकाकडे. थट्टामस्करीसुद्धा चालली होती. आणि एकदम काय झालं कुणास ठाऊक, एकमेकांच्या जिवावर उठले. आता तिघंही वेगवेगळे येऊन मला सांगतात, मला तसं म्हणायचंच नव्हतं. सुरुवात कुणी केली तेवढं तरी मला कळू दे.”

कानसेनाने फाइल उघडली आणि फोडली. एका क्लिकचं काम. सहा ट्रॅक एकाखाली एक मांडले गेले. वरच्या चारांवर आवाजाच्या टेकड्या आणि दऱ्या. पाचव्या-सहाव्याला माइकच जोडलेला नव्हता, तिथे सरळ रेघ. ते दोन पुसून टाकायचे, पण आधी मुख्य काम करू म्हणून त्याने राहू दिले. हेडफोन चढवला आणि बाकीचे बंद करून एकटा थोरला ऐकायला घेतला.

सुरुवातीला काही विशेष नव्हतं. थोरल्याचा जाडा आवाज, मागे बाकीच्यांचे आवाज लांबून झिरपलेले. असं होणारच. एका खोलीत कुणी शिंकलं तरी ते सगळ्या माइकवर येतं, जवळच्यावर मोठं आणि लांबच्यावर बारीक. मग हसणं झालं, कपबशा उचलल्याचा आवाज झाला. आणि मग थोरल्याच्या ट्रॅकवर कुणीतरी कुजबुजलं.

“आई गेली तेव्हा तुझा फोन बंद होता. मुद्दाम बंद होता.”

एक क्षण गेला. आणि थोरला तेच, शब्दन्‌शब्द तेच, बहिणीला मोठ्याने म्हणाला.

कानसेनाने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. जुन्या काळी टेपच्या गुंडाळीत एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटायचा, आणि बोलण्याच्या आधीच बोलणं पुसटसं ऐकू यायचं. पण इथे टेप कुठली? त्याने वैतागून बहिणीचा ट्रॅक लावला. ती धाकट्याच्या बायकोबद्दल एक वाक्य बोलली होती, इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या आधी तीच कुजबुज. धाकट्याच्या ट्रॅकवर, “बाबांना तू कधी आवडलाच नाहीस. ते मला सांगायचे,” हे आधी कुजबुजीत आणि मागाहून धाकट्याच्या तोंडी, थोरल्याला उद्देशून. आवाज तिन्हीकडे एकच. ना बाईचा, ना बाप्याचा. कोरडा. त्यात श्वास नव्हता. आणि ज्या गोष्टीने कानसेनाच्या अंगावर खरा काटा आला ती ही, की ती कुजबुज शेजारच्या माइकवर अजिबात झिरपलेली नव्हती. थोरल्याजवळ जे बोललं गेलं, त्याचा हातभर अंतरावर बसलेल्या बहिणीच्या माइकवर मागमूस नाही. खोलीत बोलणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो. हे जे होतं ते खोलीत नव्हतंच. ते प्रत्येकाच्या कानाशी होतं.

धाकट्याने तर बराच तग धरला होता. कुजबुज एकदा झाली, तो गप्प. पुन्हा झाली, त्याने घसा खाकरला. मग ती दात खात बोलू लागली, तेच वाक्य, जवळून, आणखी जवळून, आणि शेवटी बिचारा बोलून मोकळा झाला. बोलल्यावर त्याच्या ट्रॅकवर अगदी हलकं काहीतरी वाजलं. कुणी ओठ चाटावेत तसं.

कानसेनाने वकीलबाईंचा ट्रॅक लावला. त्यांनी बैठकीत एकही वाकडा शब्द काढलेला नव्हता. पण कुजबुज तिथेही होती. “पंधरा वर्षं तुझ्याबरोबर काढली, एक दिवस सुखाचा नाही.” पुन:पुन्हा तेच. आणि प्रत्येक वेळी पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज. शेवटपर्यंत त्या बाई पाणी पीत राहिल्या होत्या.

म्हणजे गप्प राहता येतं, असं मनाशी म्हणून त्याला बरं वाटलं. त्याने त्यांना फोन लावला.

“बाई, बैठकीत तुम्हाला काही... काही बोलावंसं वाटलं होतं का? भलतंसलतं?”

पलीकडून पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला.

“तिथे नाही बोलले मी,” त्या हळूच म्हणाल्या. “घरी जाऊन बोलले. नवऱ्याला. पंधरा वर्षं...” आणि त्यांनी फोन ठेवला.

तो ठेवलेल्या फोनकडे बघत राहिला. मग सहज नजर स्क्रीनवर गेली. पाचव्या ट्रॅकवरची रेघ आता सरळ नव्हती. शेवटाकडे तिला बारीक दातेरी काठ आला होता.

मघाशी ती सरळ होती. त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. हात लावू नये हे त्याला कळत होतं, पण आयुष्यभर ज्याने आवाजाचा माग काढला त्याला ते जमायचं नाही. त्याने पाचवा एकटा लावला.

आधी बारीक घरघर. ती त्याला ओळखीची होती. त्याच्याच खोलीतल्या पंख्याची. मग खुर्ची करकरली, तीही त्याचीच. तो न हलता बसून होता. आणि मग उजव्या कानाशी, कोरड्या आवाजात:

“तू जन्माला येण्यापेक्षा हे घर रिकामं राहिलं असतं तर बरं झालं असतं.”

त्याने हेडफोन ओरबाडून काढला आणि प्लेबॅक थांबवला. वाक्य कुणासाठी आहे हे कुणी सांगायला नको होतं. भयंकर गोष्ट ही, की ते जिभेवर येऊन बसलं होतं, आणि त्याला त्याची चव कळत होती. त्याने दात घट्ट आवळले. मी बोलणार नाही, आज नाही, उद्या नाही, मुकं होऊन मरेन पण हे बोलणार नाही, असं त्याने ठरवलं. एवढा निर्धार त्याने जन्मात कधी केला नसेल.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. एक इवलीशी पोर आत आली. मागे स्वयंपाकघरातून बायकोचा आणि मुलीचा बोलण्याचा, हसण्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकून त्याचे डोळे भरून आले.

“तुम्ही आजोबा?” पोर म्हणाली. “तुमच्या घलात अंधाल का आहे?”

त्याने नुसते हात पसरले. ती बिनधास्त मांडीवर चढून बसली. केसांना साबणाचा वास. त्याने तिच्या डोक्यावर हनुवटी टेकली, ओठ मिटूनच. कसं छान जमत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं, बस.

मग त्याच्या लक्षात आलं की पोर एकदम स्तब्ध झाली आहे. तिने टेबलावरचा हेडफोन ओढून कानांना लावला होता. स्क्रीनवर सगळं थांबलेलं होतं, कर्सर जागचा हललेला नव्हता. आणि ती मान डोलवत होती, कुणीतरी समजावून सांगावं आणि मुलाने हो हो म्हणावं तशी.

“आजोबा, हे कोण बोलतंय?”

त्याने हेडफोन खेचून घेतला. वायर ताणून तुटली. पोर रडली नाही. मांडीवरून उतरली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.

दारात मुलगी आली होती. थोडी जाड झालेली, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिच्यामागे बायको, चेहऱ्यावर जीव मुठीत धरल्याचा भाव.

“बाबा,” ती म्हणाली.

“हं,” तो म्हणाला.

तिने वाट पाहिली. पुढे वाईट काही आलं नाही तेव्हा ती हसली, रडल्यासारखं हसली. “बास. एवढंच हवं होतं मला,” असं म्हणून तिने आत पाऊल टाकलं.

“तू जन्माला येण्यापेक्षा,” पोर आईकडे बघून म्हणाली, “हे घर रिकामं राहिलं असतं तर बरं झालं असतं.”

एकही र चुकला नाही. मग तिने ओठ चाटले.

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातली ती निघून गेली.

“तुम्ही शिकवलंत हे तिला,” ती म्हणाली. “तीन वर्षांच्या पोरीला.”

नाही, एवढं म्हणायचं होतं त्याला. त्याने तोंड उघडलं. आणि कानाशी काहीतरी कोरडं हललं. आता बाहेर काय पडेल याची त्याला खात्री राहिली नाही, आणि म्हणून त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

मुलीने तेच उत्तर मानलं. तिने पोरीला उचललं आणि ती गेली. पोर आईच्या खांद्यावरून मागे बघत होती. “आजोबा टाटा,” ती म्हणाली, “मी पलत येईन.” बाहेरचं दार आपटलं. ती परत येणार नव्हती, हे कानसेनाला कळत होतं.

मग त्याची नजर स्क्रीनवर गेली. पाचवी रेघ पुन्हा सरळ झाली होती, मघाशी होती तशी. खाली सहाव्या ट्रॅकवर, अगदी शेवटाला, एक बारीक टेकडी उठत होती.

बायकोने खोलीचं दार आतून लावलं. एवढ्या वर्षांच्या संसारात ती त्याला कधी लागेल असं बोलली नव्हती. ती त्याच्याकडे वळली, आणि बोलायच्या आधी माणूस घेतो तसा तिने श्वास घेतला.