फळीपलीकडून दोन ठोके

"ताई, आत मानूस उतरला की त्याला नावानं हाक मारायची. निस्तं ठोकून इचारायचं न्हाय. ठोक्याला कोनबी जबाब देतंय."

नागोजी सुताराने कल्याणीला हे एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं.

कल्याणी हसली होती.

पुढचं सगळं खरं आहे. कल्याणी माझी मावसबहीण. बेळगावात टिळकवाडीत राहते. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून स्वयंपाकघरात जायची. तिला खोटं बोलायचं काही कारण नाही.

असतं तर बरं झालं असतं.

साल १९७९. एप्रिल महिना, शुक्रवार, दुपारचे अडीच. रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. उद्यमबागेतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, रखरखीत उन्हात हे घडलं.

कल्याणीचा नवरा शरद. खडेबाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. भीमसेनराव नावाचे नेव्हीतून निवृत्त झालेले एक साहेब त्याच्याकडे आले. त्यांनी कारवारच्या बंदरात बेवारस पडलेली एक शिडाची होडी विकत घेऊन लॉरीने बेळगावला आणली होती. ती नीट करून गोव्याला न्यायची होती. होडीला बसकी, चिमुकली केबिन. तिच्यात रेडिओ, पाण्याची खोली दाखवणारं यंत्र, दिवे आणि स्विचचं पॅनेल बसवायचं होतं.

"बेळगावात होडी!" बाजारात सगळे शरदला चिडवायचे. "राकसकोपच्या तळ्यात सोडतोस काय रं?"

शरद खूश होता. असलं काम पुन्हा कुठून मिळणार?

काम दोघांचं होतं. केबिनच्या पुढच्या बाजूला प्लायवुडची जाड फळी, आणि फळीपलीकडे होडीच्या टोकाचा अंधारा कप्पा. यंत्रं केबिनच्या बाजूने फळीवर लावायची. एकाने केबिनमधून बोल्ट आत सारायचा. दुसऱ्याने कप्प्यात बसून नट पान्याने धरून ठेवायचा. कप्प्यात जायला वरून एकच झाकण. केबिनमधून कप्पा दिसत नाही, कप्प्यातून केबिन दिसत नाही.

शेजारच्या शेडमध्ये दिवसभर ग्राइंडर चाले. बोललेलं ऐकू येत नसे. म्हणून शरदने खूण ठरवली.

आतून दोन ठोके… नट धरलाय, फिरव.

एक ठोका… बस्स, घट्ट झालं.

आत नागोजी बसायचा. पण त्या शुक्रवारी त्याच्या नातवाचं जावळ होतं, त्याला कोगनोळीला जायचं होतं. म्हणून शरदने कल्याणीला बोलावलं. तीन वर्षांची बेबी शेजारच्या पारूबाईंकडे ठेवून ती आली.

नागोजी जाता जाता थांबला.

"आमी मूळची हिरी खांदनारी मानसं, ताई. हिरीत उतरलेल्याला दोर हालवून इचारत न्हाय. नाव घ्यायचं. तो तोंडानं 'व्हय' म्हनला, की मगच वर वढायचा."

"अय्या नागोजीमामा, नवऱ्याचं नाव घेऊ मी? चारचौघांत?"

"मग जीव म्हत्त्वाचा का लाज, ते तुमीच बगा."

शरद खदाखदा हसला. "लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. पाच वर्षं झाली, हिच्या तोंडून माझं नाव ऐकलेलं न्हाय!"

नागोजी हसला नाही.

काम सुरू झालं. कल्याणी केबिनमध्ये, शरद पलीकडे कप्प्यात.

ठक ठक. ती स्क्रूड्रायव्हर फिरवायची.

ठक. ती थांबायची.

चार बोल्ट झाले. पाच झाले. तिला मजा वाटायला लागली.

सहावा बोल्ट.

ठक ठक… तिने फिरवला. ठक.

तेवढ्यात वीज गेली. शेजारचा ग्राइंडर घरघरत थांबला. शेडमध्ये एकदम शांतता झाली.

सातवा बोल्ट तिने आत सारला.

ठक ठक…

ती फिरवत होती. नट पलीकडून घट्ट धरलेला होता. हाताला जाणवत होता.

घाम पुसायला तिने मान वळवली. केबिनच्या काचेतून शेडचं फाटक दिसत होतं.

फाटकातून शरद येत होता.

दोन हातांत चहाचे दोन ग्लास.

कल्याणीचा हात स्क्रूड्रायव्हरवर तसाच राहिला.

आणि फळीपलीकडून…

ठक.

ती केबिनमधून कशी बाहेर पडली, तिला आठवत नाही.

"कुठं गेलता तुम्ही?"

"चहा आणायला गेलतो. चार बोल्ट झाल्यावर सांगून वर आलो की! ग्राइंडर चालू होता, तुला ऐकू गेलं न्हाय व्हय?"

"मी सात लावले."

"पाना न्हाय, आत मी न्हाय, कसे लावलेस?" त्याने खिशातून पाना काढून दाखवला. त्या मापाचा तेवढा एकच पाना होता.

"तुम्ही आत जाऊ नका."

"बी.एस्सी. झालीस ना गं तू?"

ग्लास खाली ठेवून तो होडीवर चढला आणि टॉर्च घेऊन झाकणातून आत उतरला. कल्याणी वर, झाकणापाशी.

"बघ, कुणी न्हाय," आतून त्याचा आवाज आला. मग जरा थांबून, "पण नट लई झकास आवळलेत गं… माझ्यापेक्षा बरे."

मग काहीच नाही.

"अहो."

टॉर्चचा उजेड विझला.

"अहो, वर या ना."

काही नाही. कप्पा तो केवढा? दोन माणसं आत मावणार नाहीत. तरी तिला आत कोणी दिसेना.

नाव तिच्या जिभेवर आलं होतं. "श…" एवढं तोंडातून निघालंसुद्धा. पण वीज गेली म्हणून शेजारचे तीन कामगार बाहेर येऊन सावलीत विड्या ओढत बसले होते. तिच्याकडेच बघत होते.

तिने शब्द गिळला.

खाली वाकली. पुन्हा "अहो" म्हणाली. आणि लाकडावर दोनदा ठोकलं.

खालून लगेच…

ठक ठक.

अंधारातून एक हात वर आला. शरदचाच हात. मनगटावर त्याचंच घड्याळ. तिने जीव खाऊन ओढला.

तो वर आला. चहाकडे त्याने बघितलंही नाही.

नागोजी सोमवारी परतला. "शरदअण्णा," त्याने हाक मारली. शरदने मान वर केली नाही. नागोजीने कल्याणीकडे एकदाच बघितलं, आपली हत्यारं गोळा केली आणि कोगनोळीला निघून गेला. तो पुन्हा बेळगावला आला नाही.

उरलेले पाच बोल्ट शरदने एकट्याने लावले. एकट्याने ते कसे लागतात, हे कल्याणीने विचारलं नाही. आठव्या दिवशी लॉरी होडी घेऊन गेली.

त्यानंतर कल्याणीने नवऱ्याचं नाव हजारदा घेतलं असेल. घरात, दुकानात, भर रस्त्यात, ओरडून, रडून.

तो वळत नाही.

टेबलावर दोनदा वाजवलं की येतो. एकदा वाजवलं की थांबतो. डॉक्टर म्हणतात, कान उत्तम आहेत. दुकान चालवतो, वेळेवर जेवतो. बेबीला त्याने त्या दिवसापासून एकदाही उचलून घेतलेलं नाही.

दिवाळीत गोव्याहून भीमसेनरावांचं पत्र आलं. यंत्रं छान चालतात, असं लिहिलं होतं. फक्त रेडिओत काहीतरी बिघाड आहे. तो बंद असला तरी पुढच्या फळीकडून एक माणूस मराठीत विचारतो, 'बेबी कुठाय?' खाली लिहिलं होतं, 'तुमच्या ओळखीत कोणी बेबी आहे का?'

दुसऱ्याच दिवशी कल्याणी गोव्याला गेली. होडी विकून आठवडा झाला होता. घेणारा रत्नागिरीकडचा. त्यानेही ती पुढे विकली, एवढंच कळलं. आठ वर्षं ती पत्रं लिहिते आहे. होडीचा पत्ता नाही.

ती आता थकली आहे. म्हणून हे मी लिहिते.

मालवण, वेंगुर्ला, कारवार, कुठेही तुम्हाला बावीस फुटी, शिडाची जुनी होडी दिसली, तर एकदा केबिनमध्ये जाऊन बघा. पुढच्या फळीवर बारा बोल्ट असतील. फळीला कान लावा. पलीकडे कोणी असलं, तर त्याला सांगा, बेबी सहावीत गेली. अभ्यासात हुशार आहे.

ती वाट बघते, असं मात्र सांगू नका.

तिला वाटतं, बाबा घरीच आहेत.